अर्धमेला सर्व्हर ओळखायचा कसा?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले, ते दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या आणि दोन्ही डळमळल्या. नंतरच्या खुलाशात साठवणयंत्रणेच्या अनपेक्षित वागण्याबरोबरच अस्सल मुंबईकर कारणही होतं: बाजाराच्या दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेलं खोदकाम.

सर्व्हरच्या आतही हाच घोळ होतो. एकाच नेटवर्क कार्डाची दोन पोर्टं जोडून त्यांचा ‘बाँड’ (म्हणजे मिळून एकच जोडणी) केला, तर कार्ड जळताच दोन्ही जातात. एक पोर्ट मदरबोर्डावरचं घ्यावं, दुसरं वेगळ्या स्लॉटमधल्या कार्डाचं. केबली दोन स्विचांना जोडाव्यात आणि त्या स्विचांची वीजही वेगवेगळ्या पीडीयूंवरून (वीज वाटणाऱ्या पट्ट्यांवरून) घ्यावी.

एवढं तर बहुतेक जण करतात. चूक होते ती पुढे, कारण पूर्ण बंद पडलेलं उपकरण ओळखणं सोपं असतं, अर्धमेलं ओळखणं अवघड. लिनक्सच्या ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’ बाँडमध्ये (एक पोर्ट चालू, दुसरं राखीव) ‘एमआयआयमॉन’ हे लिंक-तपासणीचं मूल्य १०० ठेवलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर १०० मिलिसेकंदांनी लिंक तपासतो. पण तपासतो ती फक्त सर्व्हरपासून पहिल्या स्विचपर्यंतची. त्या स्विचची पुढची अपलिंक, म्हणजे बाकीच्या नेटवर्ककडे जाणारी जोडणी, तुटली तरी पोर्टाचा हिरवा दिवा लागलेलाच राहतो आणि पॅकेटं त्याच वाटेने जात राहतात. इंडिकेटरवर गाडी दिसते म्हणून ती फलाटावर लागलेली नसते!

अशा ठिकाणी एआरपी तपासणी बरी. दर सेकंदाला गेटवेला (बाहेर नेणाऱ्या राउटरला) ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी विचारणा करायची, उत्तरं थांबली की वाट बदलायची. लक्ष्य म्हणून किमान दोन पत्ते द्यावेत. एकच दिला आणि तो राउटर देखभालीसाठी बंद केला, तर सर्व्हर आपलीच दोन्ही पोर्टं मेली असं धरून बसतो. एमआयआयमॉन आणि एआरपी या दोन्ही तपासण्या मात्र एकत्र लावू नयेत.

परत येतानाचाही एक सापळा आहे. स्विच पुन्हा सुरू झाला की लिंक लगेच दिसते, पण स्पॅनिंग ट्रीच्या (स्विचांमधली चक्राकार वाट टाळणाऱ्या यंत्रणेच्या) जुन्या पद्धतीत ते पोर्ट सुमारे ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही. बाँडने उत्साहाने मुख्य पोर्टाकडे उडी मारली, तर ही ३० सेकंदं वाया जातात. एमआयआयमॉन वापरत असाल तर ‘अपडिले’ (लिंक आल्यावर थांबायचा वेळ) त्याहून जास्त ठेवा. शिवाय मुख्य पोर्टाकडे कधी परतायचं हे ठरवणाऱ्या ‘प्रायमरी रिसिलेक्ट’ला ‘फेल्युअर’ मूल्य दिलं, की चालू वाट मोडेपर्यंत बाँड मागे फिरत नाही.

आता मेमरी. ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) मेमरी दर ६४ बिटांमागे ८ बिटं जादा ठेवते. एक बिट बिघडलं तर दुरुस्त करते, दोन बिघडली तर निदान ओळखते. एखाद्या स्टिकवर दुरुस्त केलेल्या चुकांचा आकडा चढत असेल, तर ती पुढच्या देखभालीत बदलावी. याहून पक्का उपाय बायोसमधल्या (यंत्राच्या मूळ सेटिंगमधल्या) मिररिंगचा, म्हणजे सगळं दोनदा लिहिण्याचा, पण त्यात ५१२ जीबीचे २५६ जीबीच उरतात. इथे ह्यूज पेजेसचा, म्हणजे मेमरीच्या मोठ्या राखीव पानांचा, हिशोब चुकतो. डेटाबेससाठी २ एमबीची १,००,००० पानं राखून ठेवली असतील, तर ती सुमारे १९५ जीबी होतात. मिररिंगनंतर बाकीच्या सगळ्यासाठी जेमतेम ६० जीबी राहतात. राखीव पानं रिकामी असली तरी इतरांना मिळत नाहीत, त्यामुळे ती नुसती पडून असतानाच प्रक्रिया मारल्या जातात.

दोन सर्व्हर एकमेकांचे वारस असतील आणि दोघांची मेमरी ७० टक्के भरलेली असेल, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १४० टक्के बोजा येतो. स्वॅप (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवणं) सुरू होतो, आणि नेटवर्क व मेमरी हे वेगळे विषय राहत नाहीत. व्हीआरआरपीमध्ये, म्हणजे दोन सर्व्हरांनी एक पत्ता वाटून घेण्याच्या पद्धतीत, मुख्य सर्व्हर दर सेकंदाला ‘मी आहे’ असं सांगतो. तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ शांतता राहिली की राखीव सर्व्हर पत्ता बळकावतो. हे सांगणारी प्रक्रियाच स्वॅपमध्ये अडकली, तर जिवंत सर्व्हर मेला असं ठरतं. थोड्या वेळाने तो जागा होतो आणि काही क्षण दोन मालक एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. म्हणून ही पद्धत चालवणाऱ्या कीपअलाइव्हडी या प्रोग्रॅममध्ये ‘व्हीआरआरपी नो स्वॅप’ हा पर्याय लावावा आणि त्या प्रक्रियेचं ‘ओओएम स्कोअर अ‍ॅडजस्टमेंट’ उणे १००० करावं, म्हणजे मेमरी संपली तरी कर्नल तिला मारत नाही. कर्नल किती उत्साहाने स्वॅप करतो ते ठरवणाऱ्या स्वॅपिनेसचं नेहमीचं मूल्य ६० असतं. डेटाबेसच्या सर्व्हरवर ते १० किंवा त्याखाली आणलेलं बरं.

चाचणी शनिवारी, बाजार बंद असताना करावी, पण आज्ञा देऊन पोर्ट बंद करणं ही चाचणी नव्हे. केबल हाताने उपटा. मग केबल परत लावून स्विचची अपलिंक काढा. शेवटी कीपअलाइव्हडीला स्टॉप सिग्नल देऊन गोठवा आणि मिनिटभराने सोडा. शेअर्ड डिस्क असलेल्या क्लस्टरमध्ये ‘फेन्सिंग’ही तपासा, म्हणजे संशयित सर्व्हरची वीज दुसऱ्याने तोडणं. ती फक्त आयपीएमआयवर (सर्व्हरमधल्या दूरनियंत्रण चिपवर) सोपवली असेल, तर त्या सर्व्हरची वीज गेलेली असताना आयपीएमआयही मेलेलं असतं. मग उत्तर येत नाही, फेन्सिंग पुरी होत नाही आणि धडधाकट सर्व्हर सेवा सुरू न करता वाट पाहत राहतो. दूरून बंद-चालू करता येणारा पीडीयू दुसरी पायरी म्हणून जोडला, की ही कोंडी सुटते.