आजीच्या ग्रीन कार्डामागचा इतिहास

आमची आजी 2004 साली न्यू जर्सीत वारली. तेराव्याला जमलेला जो तो एकच म्हणत होता, ‘त्यांनी स्वतःसाठी काही केलं नाही, सगळं घरासाठी.’ ते खरंच आहे. पण साताऱ्यात जन्म काढलेली बाई वयाच्या 58व्या वर्षी अमेरिकेत बिऱ्हाडाला का आली, आणि आल्यावर तिच्या वाट्याला घरच का उरलं, हे नुसत्या तिच्या स्वभावातून कळत नाही. त्यासाठी अमेरिकेचा कायदाही पाहावा लागतो.

1917 च्या कायद्याने अमेरिकेने भारतासह आशियाच्या मोठ्या भागाला दार लावून घेतलं होतं. 1946 च्या ल्यूस-सेलर कायद्याने ते किलकिलं झालं. भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं, पण स्थलांतरासाठी जागा किती, तर वर्षाला 100. खरा बदल झाला 3 ऑक्टोबर 1965 रोजी. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि माणूस कुठल्या देशात जन्मला यावर बेतलेला जुना कोटा गेला. 1968 पासून हा कायदा पूर्णपणे लागू झाला. डॉक्टर, इंजिनिअर यांना वाट मोकळी झाली. माझे बाबा 1969 साली शिकायला गेले ते याच लाटेत. परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्या काळी भारतातून बाहेर पडणाऱ्याला जेमतेम आठ डॉलर नेता येत.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असेल आणि 21 वर्षांची झाली असेल, तर तिच्या आईवडिलांना संख्येची मर्यादाच नाही. भावाबहिणींसाठी वर्षानुवर्षांची रांग, आईसाठी रांग नाही. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असून मात्र भागत नाही, त्याला नागरिक व्हावं लागतं. म्हणजे ग्रीन कार्ड मिळाल्यावर सर्वसाधारणपणे पाच वर्षं थांबायचं. म्हणून साठच्या दशकाअखेरीस गेलेल्यांच्या आया कायमच्या राहायला आल्या त्या सत्तरच्या दशकाअखेरीस आणि ऐंशीच्या दशकात. आमच्या ओळखीतल्या किती घरांत आजीच्या येण्याचं साल याच हिशेबात बसतं, हे मला मोठेपणी उमगलं.

त्याआधी त्या पाहुण्या म्हणून यायच्या, आणि बहुतेक वेळा बाळंतपणाला. पाहुण्यांना साधारण सहा महिने राहू देतात. आजीही 1978 साली माझ्या जन्माच्या वेळी अशीच आली. सामानात अळीव, डिंक, बाळंतशेपा आणि मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची चळत. आईला रजा थोडी मिळाली होती, सांभाळायला बाई ठेवणं परवडणारं नव्हतं. मला तेल लावून न्हाऊमाखू घालणं, आईला शेक देणं, हे सगळं एकटीने उरकून ती सहा महिन्यांनी परत गेली. पुढची पाच वर्षं ती आम्हाला निळ्या हवाईपत्रांतून भेटत राहिली. आजोबा गेल्यावर बाबांनी अर्ज केला आणि 1984 मध्ये ती कायमची आली.

कायमची म्हणजे काय, हे तिला इथे आल्यावर कळलं. न्यू जर्सीच्या आमच्या भागात गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि तिला गाडी येत नव्हती. साताऱ्यात भाजीला, देवळाला, मैत्रिणीकडे ती पायी जायची. इथे शनिवार-रविवारी कुणी नेलं तरच. न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ 1977 मध्ये उभं राहिलं होतं, पण ते तिच्यासाठी वर्षातून दोनदा. बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झालं, गावोगावच्या मंडळांचे गणेशोत्सव होत, तिथे तिला तिच्या वयाच्या बायका भेटत. एरवी सोमवार ते शुक्रवार घर, आम्ही दोघं नातवंडं आणि ती. माझं मराठी हे तिच्या त्या कोंडलेल्या दिवसांतून आलेलं आहे. त्याची किंमत तिने मोजली, हे मला आज सलतं.

परत जाऊन वर्षभर साताऱ्यात राहावं, तर ग्रीन कार्ड धोक्यात. फार काळ बाहेर राहिलेल्याचा इथे राहण्याचा इरादा उरला नाही, असं धरलं जाऊ शकतं. त्यामुळे माझ्या आत्याच्या आजारपणातही ती तीन महिन्यांत परतली.

मग 1996 चा कायदा आला. नागरिक नसलेल्या परदेशी वृद्धांची सरकारी मदत त्याने बरीचशी तोडली. आजी ती मदत घेत नव्हती, पण पुढे आणखी काय बंद होईल या धास्तीने अनेक घरांनी म्हाताऱ्या माणसांचे नागरिकत्वाचे अर्ज भरले. पंचावन्न वर्षांवरच्या आणि पंधरा वर्षं ग्रीन कार्डावर काढलेल्या माणसाला इंग्रजीची अट माफ असते, नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाषामार्फत स्वतःच्या भाषेत देता येते. आजीची पंधरा वर्षं 1999 मध्ये भरली. स्वयंपाक करता करता ती काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, दोन सभागृहं मराठीत पाठ करायची. पहिल्या फटक्यात पास झाली.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून तिचा भारतीय पासपोर्ट गेला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं ओसीआय कार्ड यायला अजून सहा वर्षं होती. 1999 मध्येच निघालेलं, तशाच सोयीचं पीआयओ कार्ड एक हजार डॉलरचं, ते तिने साफ नाकारलं. एवढ्या पैशात नातवाच्या कॉलेजची पुस्तकं येतील म्हणाली. म्हणून तिने साताऱ्याला जायला व्हिसा मागितला. फॉर्म बाबा भरत होते. भेटीचं कारण काय लिहू, असं त्यांनी विचारलं.

‘माहेरपण लिही,’ ती म्हणाली.

बाबा थोडा वेळ पेन हातात धरून बसले आणि त्यांनी ‘पर्यटन’ लिहिलं.