'स्मार्ट': मुलापासून मीटरपर्यंत

इंग्रजीत या विशेषणाचा मूळ अर्थ झोंबणारा, चुरचुरणारा. पुढे तो चपळ, हुशार, टापटीप असा सरकत गेला. व्हिएतनाम युद्धात लेसरने नेम साधणाऱ्या बॉम्बना ते लागलं आणि माणसांवरून यंत्रांवर आलं.

नागपुरात 'मुलगा स्मार्ट आहे' म्हणजे दिसायला बरा. मार्कांशी त्याचा संबंध नाही. टोमण्यात मात्र अक्कल निघते: 'लय स्मार्ट बनून राहिला का बे?' सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्राच्या 'स्मार्ट सिटी' यादीत नाव आल्यावर हे विशेषण अख्ख्या शहराला चिकटलं. प्रत्यक्षात आखणी झाली ती पारडी, पुनापूर, भरतवाडा, भांडेवाडी या पूर्वेकडच्या भागाची.

खरा गुंता झाला मीटरवरून. स्मार्ट मीटर म्हणजे रीडिंग स्वतःच पाठवणारा आणि दुरून आज्ञा घेणारा मीटर. पैसे आधी भरायचे की नंतर, हा बिलिंगचा प्रश्न आहे, मीटरच्या जातीचा नाही. पण २०१९ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने नव्या ग्राहकांसाठी 'प्रीपेमेंटची सोय असलेला स्मार्ट मीटर' असा एकच जोडशब्द केला, आणि लोकांनी दोन्ही एकच धरले. त्यात लोकांचं काय चुकलं? रिचार्ज संपला की घरात अंधार, हीच भीती २०२४ मध्ये मोर्चांत बोलली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये सामान्य ग्राहकांकडे हे मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारने जाहीर केलं.

त्यानंतर 'टीओडी मीटर' आले. टीओडी म्हणजे वेळेनुसार दर. दुरून रीडिंग पाठवण्याची सोय तीच, बिल मात्र पूर्वीसारखं महिना संपल्यावर. वीज कंपनीच्या लेखी हे मीटर वेगळे. विरोधकांच्या लेखी पाटी बदलली, दुकान तेच. निर्णय फिरवला की नुसतं नाव फिरवलं, याचं सरळ उत्तर जाहीर व्हायला हवं होतं. बदललेल्या मीटरचं बिल फुगल्याची तक्रार आली की जोडीला चेक मीटर लावून पडताळणी करतात, पण त्यासाठी अर्ज करायचा ग्राहकानेच.

जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत मिळू लागली. मे महिन्यात दुपारी कूलर लावून घरी बसणाऱ्यांना ती लागू पडते. नवरा-बायको दोघंही नोकरीवर असतील, तर त्यांचा कूलर सुरू होतो संध्याकाळी सहानंतर, सवलतीची वेळ टळल्यावर.