आधी झोप जाते : बायपोलर असलेल्या जोडीदाराबरोबर राहताना

रात्री दोन वाजता कुणी ओट्याखालचे सगळे डबे बाहेर काढून पुसायला बसलं तर पहिल्या दिवशी घरात कौतुकच होतं. दुसऱ्या दिवशी तीच व्यक्ती पहाटे चारला उठून दिवाळीत कुणाला काय द्यायचं त्याची यादी करते, दिवाळीला अजून पाच महिने असतात, आणि तीन तास झोपूनही जरासुद्धा दमलेली नसते, उलट फोनवर इतकं बोलते की समोरच्याला एक शब्द मध्ये घालता येत नाही. आठवड्याभरात क्रेडिट कार्डाची लिमिट संपते, ऑफिसला राजीनाम्याचा मेल जातो, नाहीतर लग्नात एकदाच भेटलेल्या कुणाला तरी धंद्यात पार्टनर करून घेतलेलं असतं. हा मॅनिया, म्हणजे बायपोलर या आजारातलं मूड प्रमाणाबाहेर चढलेलं टोक, दुसरं टोक डिप्रेशनचं. डॉक्टरांच्या हिशोबात अशी अवस्था कमीत कमी 7 दिवस टिकली किंवा त्याआधीच ॲडमिट करायची वेळ आली तर मॅनिया, आणि त्याहून सौम्य पण निदान 4 दिवस टिकणारी असेल तर हायपोमॅनिया. त्यामुळे सकाळी खूश आणि संध्याकाळी चिडचिड करणाऱ्या बॉसला बायपोलर म्हणायचं जे फॅड आलंय त्याचा या आजाराशी काही संबंध नाही.

2015-16 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर हजार प्रौढांमागे साधारण 3 जण त्या वेळी या आजारात होते आणि त्यातल्या जवळपास 70 टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे मोठ्या सोसायटीत एखादं तरी घर असणारच, फक्त तिथे कुणी बोलत नाही, आणि बोललं तरी "बाहेरचं झालंय, बघून घ्या एकदा" असा सल्ला आधी येतो.

मॅनिया सगळ्यांना दिसतो म्हणून त्याचीच चर्चा होते, पण जोडीदाराच्या वाट्याला जास्त येतं ते डिप्रेशन. अमेरिकेत लुईस जड आणि त्यांच्या टीमने बायपोलर वन, म्हणजे पूर्ण मॅनिया येणारा प्रकार, असलेल्या पेशंटना सरासरी बारा-तेरा वर्षं फॉलो केलं, 2002 साली निष्कर्ष छापले. जवळपास निम्मे आठवडे पेशंटना काही ना काही लक्षणं होती, आणि त्यात डिप्रेशनचे आठवडे मॅनियाच्या तिपटीहून जास्त. यातून एक गोची होते. माणूस डॉक्टरकडे जातो तो डिप्रेशनमध्येच, कारण चढलेल्या मूडमध्ये "मला काय धाड भरलीय" असंच वाटत असतं. डॉक्टर विचारतात, उत्तर येतं की उदास वाटतं, झोपून राहावंसं वाटतं, आणि डिप्रेशनची गोळी सुरू होते. बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसताना दिली तर काही जणांचा मूड उलटा फिरून मॅनिया होऊ शकतो. म्हणून पहिल्याच भेटीला जोडीदाराने बरोबर जावं आणि ते दोन वर्षांपूर्वीचे "खूप छान चाललं होतं" वाले तीन आठवडे डॉक्टरांना नीट सांगावेत, पैसे किती उडाले, झोप किती होती, कुणाशी भांडणं झाली, सगळं. पेशंटला स्वतःला तो काळ आजार म्हणून आठवतच नाही बऱ्याचदा.

आता झोपेकडे येतो, कारण मला विचाराल तर घरच्यांच्या हातात खरंखुरं असं काही असेल तर ते हेच आहे. थॉमस वेर या अमेरिकन संशोधकाने 1987 साली मांडलं की मॅनियाकडे नेणारी कारणं वेगवेगळी दिसली, म्हणजे कुणाचं जवळचं माणूस गेलं, कुणाचं बाळंतपण झालं, कुणी विमानाने लांब गेलं, तरी त्यातल्या बऱ्याचशा वाटा शेवटी झोप कमी होण्यातूनच जातात. आणि हे दुहेरी आहे, झोप कमी झाली की मॅनिया येतो आणि मॅनिया आला की झोप अजून कमी होते, एकदा हे चक्र सुरू झालं की घरच्यांनी समजावून थांबत नाही. मेंदूतलं जे घड्याळ उजेड-अंधार बघून शरीराची वेळ ठरवतं ते या आजारात पटकन हलतं असं दिसतं. नॉर्वेत 2016 मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला, मॅनियात असलेल्या पेशंटना नेहमीच्या औषधांबरोबर संध्याकाळी 6 ते सकाळी 8 निळा प्रकाश अडवणारे नारिंगी चष्मे दिले, आठवडाभर. साधे पारदर्शक चष्मे घातलेल्यांपेक्षा त्यांची लक्षणं बरीच जास्त उतरली. अभ्यास छोटा आहे, लगेच ऑनलाइन चष्मा मागवून गोळ्या बंद करू नका, पण रात्री मोबाईल आणि ट्यूबलाइटचा उजेड कमी करण्याला अर्थ आहे एवढं त्यातून नक्की कळतं.

एलन फ्रँक यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये याच कल्पनेवर एक अख्खी थेरपी उभी केली, उठायची वेळ, पहिल्यांदा कुणाशी बोललो ती वेळ, कामाला लागायची वेळ, जेवणाची, झोपायची, या रोज लिहायच्या आणि शक्यतो हलू द्यायच्या नाहीत. ऐकायला शाळेच्या वेळापत्रकासारखं वाटतं, आणि आपल्याकडे तर ते पाळणं महाकठीण, कारण घरातलं प्रत्येक कार्य रात्रीच रंगतं. गोंधळ रात्रभर, गणपतीत आरास रात्रभर, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत, नवरात्रात गरबा, लग्नात तर तीन दिवस कुणी पाठ टेकत नाही. इथे जोडीदाराने वाईट व्हायची तयारी ठेवायची. "ह्यांना उद्या लवकर काम आहे" असं सांगून साडेदहाला निघायचं, सासूबाईंनी तोंड वाकडं केलं तरी. बरं, सगळं सोडूनच द्या असं नाही म्हणत मी, एखादी रात्र गेली तर दुसरी आणि तिसरी सांभाळा, आणि नाईट शिफ्टची नोकरी असेल तर डॉक्टरांकडून पत्र घेऊन दिवसाची मागा.

बाळंतपणाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. बायकोला बायपोलर असेल तर बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे आजार उलटण्याचा सगळ्यात मोठा धोका असतो, आणि नेमकं तेव्हाच रात्री दर दोन तासांनी उठायचं असतं. माहेरी गेली असली तरी रात्रीचं एक पाजणं दुसऱ्या कुणीतरी, वरच्या दुधाने का होईना, करायचं आणि तिला सलग पाच-सहा तास झोप द्यायची, हे आधीच ठरवा. मूल हवं असेल तर त्याआधीच सायकियाट्रिस्टशी बोला, कारण व्हॅल्प्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं औषध गर्भाला घातक आहे, पण घाबरून परस्पर सगळं बंद करणंही तितकंच घातक.

औषधांमध्ये लिथियम हे सगळ्यात जुनं आणि अजूनही पहिल्या फळीतलं. 1940 च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने गिनीपिगवर भलत्याच कारणासाठी लिथियम टोचलं, ते शांत पडून राहिले, मग त्याने स्वतः घेऊन बघितलं आणि नंतर मॅनियाच्या पेशंटना दिलं. मूड स्थिर ठेवण्याबरोबरच आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी याचा पुरावा चांगला आहे, आणि स्वस्तही आहे. पण याची मात्रा फार काटेकोर असते. रक्तातली लेव्हल साधारण 0.6 ते 1.0 च्या मध्ये हवी, 1.5 च्या वर गेली की विषबाधा सुरू होऊ शकते. रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी न घेता. बरेच लोक सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जातात आणि रिपोर्ट चुकीचा जास्त येतो. घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट ही की किडनी लिथियमला मिठासारखंच हाताळते, शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की ती लिथियमही धरून ठेवते. म्हणजे निर्जळी उपास, मे महिन्यातलं ऊन, जुलाब-उलट्या, अचानक "आजपासून आळणी जेवायचं" असा निश्चय, हे सगळं लेव्हल वाढवतं. पाठ दुखते म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिली तरी वाढते, बीपीच्या काही गोळ्यांनीही वाढते. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या, चालताना झोक जातोय, बोलणं जड झालंय असं दिसलं तर उद्यापर्यंत थांबायचं नाही, गोळी थांबवून थेट हॉस्पिटल. थायरॉइड आणि किडनीची तपासणीही मधूनमधून लागते.

मूड चढलेला असताना वाद घालून काहीही साध्य होत नाही. त्या क्षणी तुम्ही शत्रू असता. म्हणून जे काय ठरवायचं ते बऱ्या दिवसांत, दोघांनी चहा घेत बसून. तुझी पहिली खूण कोणती? कुणाची झोप पाच तासांच्या खाली जाते, कुणी स्टेटस टाकत सुटतं, कुणी एकदम भजनाला लागतं, प्रत्येकाची वेगळी असते आणि बहुतेक दर वेळी तीच. ती दिसली की मी कुणाला फोन करू, डॉक्टरांना तुझ्या परवानगीशिवाय सांगू का, यूपीआयची लिमिट कमी करून ठेवायची का, गाडीची चावी कुणाकडे, हे कागदावर लिहा आणि त्याच्या किंवा तिच्या सहीनं लिहा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात याला जागाच आहे, निर्णयक्षमता शाबूत असताना माणूस आपल्याला कसे उपचार हवेत, कसे नकोत हे लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमू शकतो. बायको-नवराच आपोआप प्रतिनिधी असला पाहिजे असंही नाही, कुणाला बहीण जास्त विश्वासाची वाटते, त्यात मानापमान धरू नका.

मग येतो बोलण्याचा सूर. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी गेल्या शतकाच्या मध्यात स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबाबत बघितलं की टोमणे, राग आणि अति गुंतलेली काळजी असलेल्या घरांत आजार जास्त उलटतो. पुढे डेव्हिड मिक्लोविट्झ यांना बायपोलरमध्येही तसंच दिसलं आणि त्यांनी कुटुंबाला बरोबर घेऊन थेरपी बनवली, औषधांबरोबर ती दिली तर फायदा होतो. 1987 च्या एका तुलनेत लंडनपेक्षा चंदिगडच्या नातेवाइकांमध्ये टोमण्यांचं प्रमाण कमी निघालं होतं, आपल्याकडच्या घराघरात कुणी आज मोजायला बसलं तर काय निघेल याची मला जरा धास्तीच वाटते. ब्राउन यांच्या यादीत अति काळजीही आहे हे बघा. "गोळी घेतलीस का?" हा प्रश्न दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, जेवणानंतर विचारला तर मदत असते. पण तो भांडणात उत्तर म्हणून फेकला की समोरच्याचं प्रत्येक मत आजार ठरतं. पेशंट मोठ्याने हसला तरी घरातले एकमेकांकडे बघतात, हे बरे झालेल्या माणसाला किती टोचत असेल.

डिप्रेशनमध्ये "जरा मन रमव", "आपल्याला काय कमी आहे" याने अपराधीपणा वाढतो फक्त. आंघोळ, चार घास, गॅलरीत दहा मिनिटं, एवढंच मागा आणि झालं नाही तर सोडून द्या. मरणाचं बोलणं निघालं किंवा तसं वाटलं तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने कल्पना डोक्यात घातली जात नाही. अशा काळात घरात गोळ्यांचा महिन्याचा साठा त्यांच्या हाताशी ठेवू नका, आठवड्याच्याच बाहेर काढा. सगळ्यात जास्त जपायचं ते मिश्र अवस्थेत, जिथे मन पूर्ण खचलेलं आणि अंगात मात्र चढलेली अस्वस्थ ताकद असते. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं, आणि ती जोडीदारालाही वापरता येते. कुणी अंगावर धावून येत असेल तर आधी पोरांना घेऊन बाहेर पडा, आजार आहे म्हणून मार खात राहायची काही गरज नाही.

आणि जोडीदाराची झोप? ज्या घरात एक जण रात्रभर जागा असतो तिथे दुसराही जागाच असतो, नुसता पडून. महिन्यातून एक-दोन रात्री भावाकडे, मैत्रिणीकडे, कुठेही जाऊन झोपा, आणि त्या रात्री गोळ्यांची डबी कोण बघणार ते दीर किंवा नणंद यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथून अर्ध्या अर्ध्या तासाने फोन करत बसावं लागणार नाही.