पाककृतींच्या पुस्तकांनी खुल्या केलेल्या वाटा

आज इटलीतल्या बोलोन्याला ताज्या पास्त्यासाठी किंवा फ्रान्समधल्या ल्यों शहराला तिथल्या खानावळींसाठी मुद्दाम जाणारे प्रवासी पुष्कळ आहेत. गावोगावचे घरगुती जेवण हे प्रवासाला निघण्याचे कारण ठरू शकते, ही कल्पना मात्र गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली आहे आणि ती मुख्यतः पुस्तकांमुळे रुजली.

इटलीचे एकीकरण 1861 साली झाले, तरी स्वयंपाकघरे वेगळीच राहिली. उत्तरेत लोणी आणि भात, टस्कनीत ऑलिव्ह तेल, नेपल्सला वाळवलेला पास्ता अशी विभागणी होती आणि शेजारच्या प्रांतातल्या पदार्थाचे नावही पुष्कळदा कळत नसे. अशा वेळी रेशमाच्या व्यापारातून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या पेल्लेग्रीनो आर्तूसी यांनी 1891 साली फ्लॉरेन्समध्ये पाककृतींचे पुस्तक काढले. प्रकाशक मिळेना, म्हणून त्यांनी 1,000 प्रती पदरच्या खर्चाने छापल्या. त्यांतल्या दोन प्रती त्यांनी आपल्या जन्मगावी, फोर्लिंपोपोलीच्या जत्रेतल्या सोडतीसाठी दिल्या. ज्यांना त्या लागल्या त्यांनी त्या तंबाखूच्या दुकानदाराला विकून टाकल्या. ही हकिकत आर्तूसींनी स्वतःच पुढच्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. हळूहळू मात्र ठिकठिकाणच्या वाचकांची पत्रे येऊ लागली, त्यांनी कळवलेल्या कृती मारिएत्ता साबातीनी आणि फ्रांचेस्को रुफील्ली हे घरचे मदतनीस करून पाहू लागले आणि 475 कृतींचे पुस्तक वाढत वाढत 790 कृतींपर्यंत पोहोचले. दक्षिण इटलीला त्यात फारच थोडी जागा मिळाली, ही त्याची मोठी उणीव आहे. तरीही एवढ्या वाचकांच्या चुलीपर्यंत पोहोचलेले दुसरे पुस्तक त्या काळात मला दिसत नाही.

फ्रान्समधली वाट वेगळी होती. तिथे 1651 मधल्या ला व्हारेन या आचाऱ्याच्या ग्रंथापासून 1903 मधल्या एस्कॉफिये या आचाऱ्याच्या ग्रंथापर्यंत लेखनाचा मान प्रामुख्याने सरदारांच्या मुदपाकखान्यांना आणि पुढे मोठ्या हॉटेलांना मिळाला. खेड्यातल्या खाणावळीकडे लक्ष वळवले ते मोटारीने. मिशेलॅं या टायर बनवणाऱ्या कंपनीने 1900 साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका फुकट वाटली. तिच्यात टायर बदलण्याची आणि पेट्रोल मिळण्याच्या ठिकाणांची माहिती होती. चांगले जेवण देणाऱ्या ठिकाणांना मानाचा तारा (स्टार) देण्याची पद्धत 1926 साली आली. त्याच दशकात क्युर्नोंस्की आणि मार्सेल रूफ या लेखकांनी प्रांताप्रांतांतून फिरून तिथल्या खाद्यपदार्थांवर 28 खंडांची मालिका लिहिली. इटलीच्या टूरिंग क्लबनेही 1931 साली आपल्या देशाची खाद्ययात्रेची मार्गदर्शिका छापली.

परदेशी वाचकांना ही ओढ लावली ती एलिझाबेथ डेव्हिड या इंग्रज लेखिकेने. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत ग्रीस आणि इजिप्तमध्ये राहून आणि 1946 साली काही काळ दिल्लीत काढून त्या इंग्लंडला परतल्या, तेव्हा तिथे रेशनिंग चालू होते आणि ऑलिव्ह तेल औषधांच्या दुकानात मिळे. तिथल्या कडाक्याच्या थंडीत जर्दाळू, ऑलिव्ह, लिंबू हे शब्द नुसते कागदावर उतरवण्यानेही जीव निवत असे, असे त्यांनी पुढे लिहिले. भूमध्य सागरी जेवणावरचे त्यांचे पुस्तक 1950 साली आले. रेशनिंग पूर्णपणे उठायला 1954 उजाडले. म्हणजे हे पदार्थ करून पाहणे बहुतेक वाचकांना शक्यच नव्हते. त्यांनी ते पुस्तक दक्षिणेकडच्या उन्हाचे आणि बाजारांचे वर्णन म्हणून वाचले. इटलीवर लिहिण्यापूर्वी मात्र डेव्हिड तिथे काही महिने प्रांतोप्रांती फिरल्या आणि त्यामुळे 1954 च्या त्या पुस्तकात ‘इटालियन जेवण’ नावाची एकच एक गोष्ट नसून ते प्रांतांचे जेवण आहे, हे ठामपणे उतरले.

आर्तूसींच्या फोर्लिंपोपोलीत 2007 पासून त्यांच्या नावाचे पाककेंद्र चालते. त्यांच्या मदतनीस मारिएत्तांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या स्त्रिया दूरदेशीच्या पाहुण्यांना फळीवर अंडी आणि मैदा मळून लांब लाटण्याने पास्त्याची पोळी लाटायला शिकवतात.