पेट्रोलचा कॉक खांद्यामागे

घरी बांधलेलं छोटं विमान शेतात उतरलं की बातमीत 'इंजिन बंद पडलं' एवढंच येतं. टाकी कोरडी पडली होती, की टाकीत पेट्रोल असूनही इंजिनापर्यंत पोचलं नाही, हे त्यावरून कळत नाही. हौशी विमानांच्या इतिहासात मला दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा वाटतो. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे सोडणारा किंवा बंद करणारा नळ म्हणजे कॉक. कारखान्यात त्याची जागा एकदा ठरते आणि सगळ्या विमानांत तीच राहते. घरगुती विमानात ती एकट्या बांधणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि विमान विकलं तरी ते डोकं काही सोबत जात नाही.

सुरुवातीला सगळं साधं होतं. १९३०च्या दशकातल्या पायपर कब या छोट्या विमानाच्या टाकीच्या झाकणातून एक तार वर यायची. तारेच्या खालच्या टोकाला बूच, ते पेट्रोलवर तरंगायचं. तार खाली गेली की उतरायची तयारी करायची. हौशी बांधणाऱ्यांनी ही युक्ती जशीच्या तशी उचलली. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले, तेव्हा अहमदाबादला बैलगाडीतून आलेल्या डब्यांतलं पेट्रोल विमानात ओतलं गेलं. डबे मोजायचे आणि घड्याळ बघायचं, हा हिशोब माझ्या मते आजही काट्यापेक्षा भरवशाचा.

पुढे पंख विमानाच्या वरून खाली गेले, त्यांत दोन टाक्या आल्या, पेट्रोल वर खेचायला पंप आला, आणि भानगड वाढली. पंप रिकाम्या टाकीतून हवा ओढतो, म्हणून अशा विमानात दोन्ही टाक्या एकदम जोडत नाहीत. डावी की उजवी, ते वैमानिकाने बघायचं. ज्यांनी चेतक चालवली त्यांना चाचपडत रिझर्व्हचा कॉक फिरवणं आठवत असेल. फरक एवढाच, की स्कूटर बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते.

अमेरिकन विमान-आराखडाकार बर्ट रुटान यांचं लाँग-ईझी हे छोटं विमान १९७९ मध्ये पहिल्यांदा उडालं. आराखडे विकत घेऊन लोक फोम आणि फायबरग्लासमध्ये ते घरी बांधत. आराखड्यात कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता. कॉकपिटमध्ये पेट्रोल नको म्हणून एका बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. विचार चुकीचा म्हणवत नाही. पुढे ते विमान गायक जॉन डेन्व्हर यांनी घेतलं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी, कॅलिफोर्नियात मॉन्टेरीहून निघण्याआधी, मेकॅनिकशी याच कॉकबद्दल बोलणं झालं. दांड्याला पक्कड लावून तो लांबवून पाहिला, तरी हात पोचेना. पातळी दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागे, म्हणून मेकॅनिकने एक आरसा दिला. पेट्रोल भरायला डेन्व्हर नको म्हणाले, तासाभराचंच तर उडायचं होतं. कॉक फिरवायचा तर उजवा हात विमान चालवायच्या स्टिकवरून काढून सगळं अंग वळवावं लागे, आणि वळताना उजवा पाय नकळत विमान वळवणाऱ्या रडरच्या पेडलवर दाबला जाई. विमान समुद्रात कोसळू लागलं तेव्हा उंची काही शे फूटच होती. डेन्व्हर यांच्या गाठीशी २,७०० तासांहून जास्त उड्डाण होतं. नवखेपणाचा प्रश्नच नव्हता.

रुटान यांच्याच व्हॉयेजर विमानाने डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत पेट्रोल न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. शेवटच्या रात्री मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत त्याचंही मागचं इंजिन थांबलं, कारण तेच: पेट्रोल होतं, पोचत नव्हतं. उंची हाताशी होती आणि पुढचं इंजिन सुरू झालं म्हणून निभावलं.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२च्या अभ्यासानुसार तिथल्या छोट्या विमानांत घरगुती विमानं सुमारे १० टक्के, पण २०११च्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के. मंडळाच्या शिफारशींत पहिल्या उड्डाणाआधी पेट्रोलचा पुरवठा तपासून त्याची नोंद ठेवण्याचा मुद्दा होता.

भारतात या वाटेने जाणारे मोजकेच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'त मांडलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. इंदूरला विमानाची ओढ संस्थानी काळापासून आहे. विमानतळासाठी बिजासनची जागा होळकर दरबाराने १९३५ मध्ये टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने निवडली. इथे कुणी विमान बांधायला घेतलं तर पहिली अडचण पंपावरच येईल. हलक्या विमानांत रोटॅक्स ९१२ इंजिन सर्रास असतं. त्याला साधं पेट्रोल चालतं, पण इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच. पंपावर मात्र आता २० टक्क्यांचं मिळतं. जास्त इथेनॉलने रबरी नळ्या आणि फायबरग्लासच्या टाकीचा आतला लेप खराब होऊ शकतो, आणि सुटलेला कचरा फिल्टरमध्ये अडकतो. त्यात मे महिन्याचं ऊन. गरम नळीत पेट्रोलची वाफ झाली की काटा अर्धी टाकी दाखवत असताना इंजिन थांबतं.

मग शेत शोधायचं. त्या दिवसांत माळव्यात गहू निघालेला असतो, जमीन कडक आणि मोकळी असते, फक्त विजेच्या तारा वेळेवर दिसायला हव्यात. सप्टेंबरात तेच रान सोयाबीनने भरलेलं आणि काळी माती ओली. लहान चाकांचं विमान तिथे टेकलं की पुढचं चाक रुतायची धास्ती.