हिमालयातल्या ट्रेकचा अर्ज पुण्यातून भरताना : पात्रता, कागदपत्रं, परवाने

हिमालयातल्या सहा-आठ दिवसांच्या, तंबूत मुक्काम असलेल्या ट्रेकच्या अर्जात सगळ्यांत महत्त्वाचं पान असतं वैद्यकीय प्रमाणपत्राचं. नेमकं तेच बहुतेक जण शेवटी, घाईत उरकतात. सिंहगडाची उंची 1300 मीटरच्या आसपास आहे, कळसूबाईची 1646 मीटर. मनालीजवळचा हम्पटा पास 4200 मीटरच्याही वर आहे आणि तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्केच असतो. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याचे पाय तयार असतात, पण विरळ हवेत त्याचं शरीर काय करेल, हे सिंहगडावर कळत नाही.

म्हणून तयारी निदान तीन महिने आधी सुरू करावी. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या बॅच त्याच्याही आधी भरतात.

कोण जाऊ शकतं

वयाची अट ट्रेक नेणाऱ्या प्रत्येक संस्थेची आणि प्रत्येक ट्रेकची वेगळी असते, ती माहितीपत्रकात पाहावी. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतिपत्र लागतं. यूथ हॉस्टेल असोसिएशनच्या शिबिराला जायचं तर आधी त्यांचं सदस्यत्व घ्यावं लागतं. काही संस्था उंची-वजनाचं प्रमाण विचारतात आणि 5 किलोमीटर धावल्याची ॲपवरची नोंद मागतात. ही नोंद मित्राच्या फोनवरून आणून जोडू नका. दमणारे तुम्हीच असाल, आणि तुमच्यासाठी सगळी तुकडी थांबेल.

वैद्यकीय प्रमाणपत्र

संस्थेने दिलेल्या छापील नमुन्यावरच ते घ्यायचं, साध्या चिठ्ठीवर नाही. डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तिन्ही हवेत. बहुतेक नमुन्यांवर एमबीबीएस किंवा त्यावरची पदवी असलेले डॉक्टर लागतात. आपल्याकडे गल्लीतले नेहमीचे डॉक्टर अनेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात, त्यामुळे त्यांची सही घेऊन टाकलेला अर्ज परत येऊ शकतो. आधी नमुना वाचा, मग दवाखान्यात जा. प्रमाणपत्र किती दिवसांच्या आतलं चालतं, तेही त्यावरच दिलेलं असतं.

डॉक्टरांपुढे काहीही लपवू नका. रक्तदाब, दमा, मधुमेह, फिट येणं, हृदयाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पूर्वी उंचीवर झालेला त्रास, सगळं सांगा. उंचीवर जाताना विरळ हवेचा त्रास टाळायला काही जण डायमॉक्सच्या गोळ्या घेतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर हे डॉक्टरांना आधीच माहीत असायला हवं, आणि ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. बेस कॅम्पवर रक्तदाब आणि ऑक्सिमीटरची तपासणी होते. आकडे बरे नसले तर ट्रेक लीडर तिथूनच परत पाठवू शकतो, आणि त्याने तसं केलं तर त्याचं ऐकावं. पैसे परत मिळतील का, हे भरण्याआधी नियमांत वाचून ठेवा.

ट्रेक निवडतानाही एक गोष्ट तपासा. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, असं पर्वतीय वैद्यकशास्त्र सांगतं. कार्यक्रमपत्रिकेत मुक्कामांची उंची दिलीच नसेल, तर ती मागून घ्या.

बाकीची कागदपत्रं

ओळखपत्राची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो, जबाबदारीचं हमीपत्र, आणीबाणीत कळवायच्या व्यक्तीचं नाव आणि क्रमांक. हमीपत्र न वाचता सही करू नका. मेडिक्लेम असला तरी साहसी खेळ आणि हेलिकॉप्टरने सुटका हे त्यात येईलच असं नाही. विमा कंपनीला लेखी विचारा, आणि उत्तर नकारार्थी आलं तर वेगळा विमा काढा.

परवाने

वनखात्याचा परवाना बहुतेक वेळा संस्थाच काढते. केदारकांठा आणि हर की दून हे ट्रेक गोविंद राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातले, त्यामुळे तिथे वनखात्याची नोंद होतेच. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिथल्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. बेदिनी बुग्याळात तंबूमुक्काम देऊ करणारी जाहिरात दिसली, तर परवानगीची प्रत दाखवा म्हणून सरळ सांगा.

सीमेजवळच्या भागांत इनर लाइन परमिट लागतं. उत्तराखंडातल्या आदि कैलासच्या बाजूला जायचं तर ते धारचुल्याहून मिळतं. पोलीस पडताळणी मागितली, तर अर्ज ऑनलाइन करताना आपला पत्ता कुणाच्या हद्दीत येतो ते नीट पाहा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगळी पोलीस कार्यालयं आहेत. वाकड-हिंजवडीच्या माणसाचा अर्ज पिंपरी-चिंचवडकडे जातो. सिक्कीमच्या परवान्यांसाठी आधार पुरत नाही असा अनुभव बऱ्याच जणांना येतो, म्हणून मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट सोबत ठेवावा. परदेशातून सुट्टीला आलेला भाचा ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) असेल, तर संरक्षित क्षेत्रासाठी त्याला परदेशी नागरिकांसारखा वेगळा परवाना लागतो. तो घाईत मिळत नाही, म्हणून त्याचं नाव नोंदवण्याआधीच संस्थेला कळवा.

निघताना ओळखपत्र मूळच घ्या आणि झेरॉक्सचे दोन-तीन संच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. चौकीवर मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. काश्मीर किंवा लडाखला जात असाल तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. गटात निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या, आणि त्याचा क्रमांक सगळ्यांच्या घरी देऊन ठेवा.