विष पक्ष्याचं नव्हे, भुंगेऱ्याचं

'हात लावताच मृत्यू' अशा मथळ्याखाली न्यू गिनीतल्या पिटोहुई पक्ष्याचा व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर येऊन आदळतो. पक्षी विषारी आहे, हे खरं. पण त्याने ओरखडलेली बोटं तोंडात घालणारे संशोधक जॅक डम्बाकर यांचे फक्त ओठ-जीभ बधीर झाली. १९९२ साली त्यांनी त्यावर शोधनिबंधही लिहिला!

व्हिडिओत न दिसणारं पात्र म्हणजे एक भुंगेरा. भुंगेरा म्हटलं की टणक पाठ आठवते. मेलिरिडी कुळातल्या या मृदुपंखी पुष्पभुंगेऱ्यांचे वरचे पंख मात्र मऊ, लवचीक असतात. जाती सुमारे ६,०००, बहुतेक सेंटीमीटरभरही नसतात. पराग खातात, मावा किंवा किड्यांची अंडी सापडली तर तीही. काहींना डिवचलं की अंगाच्या कडांतून नारिंगी-लाल पिशव्या टरारून बाहेर येतात. न्यू गिनीतल्या कोरेसिन भुंगेऱ्यांत २००४ साली बॅट्रॅकोटॉक्सिन सापडलं. पिटोहुईच्या पिसांतलं आणि कोलंबियातल्या बेडकांच्या कातडीतलं विषही हेच. पक्षी हे भुंगेरे खातो आणि विष त्यांच्यातूनच त्याच्या अंगात येतं, असं मानलं जातं. हेरोवाना गावात या भुंगेऱ्याला आणि इफ्रिटा या विषारी पक्ष्याला एकच नाव आहे: नानिसानी. प्रयोगशाळेच्या आधी गावाला नातं ठाऊक होतं म्हणायचं.

हे विष करतं काय? चेतापेशीच्या आत, बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात. संदेश आला की पेशीच्या पटलातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, व्होल्टेज उलटतं आणि मिलिसेकंदाच्या आसपास दारं आपोआप मिटतात. हे मिटणं फार महत्त्वाचं, कारण त्याशिवाय पेशी पुढच्या संदेशासाठी सज्ज होत नाही. बॅट्रॅकोटॉक्सिन दाराच्या आतल्या पोकळीत जाऊन बसतं आणि दार मिटूच देत नाही. वर, दार उघडायला लागणारं व्होल्टेज इतकं खाली येतं की विश्रांतीतही ते उघडंच राहतं. मग चेता मुक्या होतात, स्नायू आखडतात, मात्रा पुरेशी असेल तर हृदयाची लय बिघडते.

हा रेणू स्टेरॉइड जातीचा. कीटकांना स्टेरॉइडचा सांगाडा मुळापासून बनवता येत नाही, म्हणजे भुंगेऱ्याचाही कच्चा माल अन्नातूनच येत असणार. मग पक्षी स्वतः कसा वाचतो? त्याची दारंच बदललेली असतील, असा अंदाज होता. २०२१ च्या प्रयोगांत ती विषापुढे आपल्यासारखीच हतबल निघाली. आता संशय आहे तो विष टिपून घेणाऱ्या एखाद्या स्पंजासारख्या प्रथिनावर.